गोड्या पाण्याची बाजू

आईनं बोट ठेवलं ते नेमकं ओट्यावर. तेही जेवता जेवता, उजवा हात ताटात आणि डाव्या हाताचं बोट माझ्या तीन वर्षांच्या कामावर. "ह्यो हितं न्हाय," ती म्हणाली आणि पुढचा घास घेतला. मी आधी ऐकलंच नाही असं केलं. हॉलच्या भिंतीला लागून माझी सहा फुटी फळी आहे, तिच्यावर भायंदरच्या जुन्या मिठागरातल्या आगगाडीचं यार्ड मी उभं केलंय: शेड, दोन सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा, मिठाच्या वॅगनी, आणि साडेतीन इंचांचं वाफेचं इंजिन, ज्याला मिठागरातल्या बायका 'बुटकी' म्हणायच्या. पाव इंचाला एक फूट, हे माप. रूळ अर्ध्या इंचाच्या अंतरावर, म्हणजे खऱ्यातले दोन फूट. आणि रुळाशेजारी दगडी ओटा, जिथं उभं राहून बायका हंड्यानं इंजिनाच्या टाकीत पाणी ओतायच्या. त्यातली एक बाई माझी आई. म्हणजे तिनं बोट ठेवलं ते जगातल्या एकाच अशा दगडावर, ज्याच्याबद्दल तिला माझ्याइतकी माहिती असण्याची शक्यता होती. पण तेव्हा हे मला सुचलं नाही. तेव्हा एवढंच सुचलं की हिच्या डाव्या बोटाला आमटी लागलेली नाही ना. "आई, मोतीबिंदू झालाय तुला," मी म्हटलं. "डोल्याला झालाय," ती म्हणाली, "पायाला न्हाय."

मी सुगंधा. वय चौसष्ट, लग्न केलं नाही, त्याची कारणं सांगत बसणार नाही. माझगावच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत चौतीस वर्षं ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे काय हे आता कुणाला सांगायचं तर आधी दहा मिनिटं लागतात. ड्राफ्ट्समन पेन्सिलीनं आकृती काढायचा, आणि मी तिच्यावर पारदर्शक कापड पसरून रूलिंग पेननं, शाईनं, तीच आकृती पुन्हा काढायची. मग माझ्या कापडावरून निळ्या प्रती निघायच्या आणि त्या बघून कारखान्यात लोखंड कापलं जायचं. म्हणजे माझी रेघ केसभर हलली तर लोखंड हलायचं. माझी हलली नाही. हे मी गर्वानंच सांगतेय, आणि कुणाला खुपत असेल तर खुपू दे. मीरा रोडच्या आमच्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या ग्रुपात चौदा पुरुष आहेत आणि मी, आणि त्या चौदांपैकी नऊ जणांची चूक मी एकदा ना एकदा काढलेली आहे. एकाच्या इंजिनाचं धुराडं दोन मिलिमीटर उंच होतं. त्यानं ते पुण्याहून आणलं होतं, फार कौतुकानं, पेढे वाटायचेच बाकी होते. मी खिशातली पट्टी काढली. तो माणूस त्यानंतर दोन महिने मीटिंगला आला नाही. आणि मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. मॉडेल करायचं तर खरं करायचं, नाहीतर दुकानात प्लास्टिकच्या गाड्या ढिगानं मिळतात.

ह्या मिठागरातल्या गाडीवर कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. मोठ्या रेल्वेवर पुस्तकं आहेत, घाटातल्या गाड्यांवर आहेत, सुट्टीत लोक तिकीट काढून वाफेच्या इंजिनामागे बसतात आणि फोटो काढतात. पण एका खाजगी मीठवाल्यानं दीड मैल रूळ टाकले, आगरातलं मीठ खाडीवरच्या धक्क्यापर्यंत न्यायला एक जुनं इंजिन कुठूनसं आणलं, दहा-बारा वर्षं चालवलं आणि विकून टाकलं, ह्याचं काय लिहायचं? रूळ उखडले, खाजणात भराव पडला, आणि आता जिथं शेड होती तिथं बहुधा एखाद्या सोसायटीचं पार्किंग असेल. मी जन्मले त्याच वर्षी ती गाडी बंद झाली. लहानपणी आई तिच्याबद्दल बोलायची ती फक्त चिडल्यावर: मी विहिरीवर जायला कुरकुर केली की "तुज्याएवढी व्हते तवा इंजानाला पानी पाजलंय मी," असं. मला वाटायचं ही फुशारकी मारतेय. पुढे कंपनीत बॉयलरच्या आकृत्या हातून गेल्या तेव्हा कळलं की आई बोलत होती ते अगदी साधं आणि पक्कं होतं. खारं पाणी बॉयलरला चालत नाही, नळ्यांवर थर धरतो. आणि मिठागरात जिकडे बघावं तिकडे पाणी, पण सगळं खारं. मग त्या एवढ्याशा इंजिनासाठी रोज गोडं पाणी आणायचं कुणी? बायांनी. डोक्यावर एकावर एक दोन हंडे, सकाळी आणि दुपारी, अशा अकरा जणी. विठू ड्रायव्हर टाकीत काठी घालून बघायचा आणि काठी पूर्ण ओली निघाली तरच गाडी सुटायची. आईनं हे काम सोळाव्या वर्षापासून सात वर्षं केलं. मला हे कळलं तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते.

रिटायर झाल्यावर मी ही गाडी शोधायला लागले. जुन्या नकाशांत एक तुटक रेघ सापडली, आगरातून खाडीकडे जाणारी, आणि रेघेच्या खाडीकडच्या टोकाला एक ठिपका, म्हणजे शेड. बस्स. मग तीन वर्षांपूर्वी भायंदर पश्चिमेला एका भंगारवाल्याकडे लाकडी कपाटाचे खण बघत होते तर एका खणाच्या तळाशी अंथरलेलं कापड दिसलं. निळसर, कडक, तेलकट वाटणारं. ट्रेसिंग क्लॉथ! दोन हात लांबीचा तुकडा, चारही कडा कुरतडलेल्या, अक्षरांचा कोपरा गेलेला, उत्तर दिशेचा बाण गेलेला, पण मधोमध शाईनं काढलेलं यार्ड जसंच्या तसं. शेड, सांधे, बांधाची रेघ, ओटा, ओट्यापासून निघून कापडाबाहेर जाणारी ठिपक्यांची पाऊलवाट, आणि बांधकामांवर फिका लाल रंग. भंगारवाला म्हणाला, "ले जाओ ना मॅडम, कपडा है." मी रिक्षात बसून रडले. ते कापड मी एखाद्या तान्ह्या मुलासारखं मांडीवर धरून घरी आणलं.

आता कापडावर अक्षर नसेल तर त्याची सुलटी बाजू कुठली हे कळायला हवं, कारण शाई दोन्हीकडून दिसते. लोकांना हा प्रश्न पडला असता. मला पडला नाही. ट्रेसिंग क्लॉथला एक बाजू चकचकीत असते, एक बाजू मंद. आमच्या ऑफिसात शाई मंद बाजूला, नेहमी. चकचकीत बाजूला शाई ओघळते, धरत नाही. पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच. मी मंद बाजू वर ठेवली, शेड खाडीकडे फिरवली, आणि तीन वर्षं त्या कापडावरून एकेक माप उचललं. खाडीकडे तोंड करून उभं राहिलं तर ओटा डाव्या हाताला, म्हणजे समुद्राकडच्या बाजूला. तसं कापडात होतं, तसं मी केलं.

"सूर्व्य कुठं उगावतो?" आईनं दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं. आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, हॉलच्या खिडकीतून वरसाव्याकडचे डोंगर दिसतात, इमारतींच्या फटींतून का होईना. मी चहा गाळत होते. "तिकडेच की, डोंगरावर." "हां. पयली खेप आमी उजाडता उजाडता टाकायचो. ओट्यावं चढलं का पाठ भाजायची उन्हान आन् पोट भाजायचं इंजानान. दोन्हीकडून भाकरी." ती खिडकीकडे पाठ करून उभी राहिली आणि हात वर केले, हंडा उतरवायला करतात तसे. "तुज्या ओट्यावं उबी ऱ्हायले तर ऊन माज्या डोल्यांत येईल. मंग मना टाकीचं तोंड दिसंल कसं? पानी सगलं रुलावं." मी गाळणं हातात धरून उभी. ऊन तिच्या पाठीवर पडलं होतं, पातळाच्या जुन्या किनारीवर. ओटा डोंगराच्या बाजूला हवा होता, म्हणजे उजवीकडे. मी म्हटलं, "आई, सत्तर वर्षं झाली त्याला. माणसाच्या डोक्यात बाजू उलट-सुलट होतात. माझ्याकडे ड्रॉइंग आहे." माझा आवाज चढला होता, मला ऐकू येत होता. ती बसली, चहा ओढला, आणि म्हणाली, "ड्रॉइंग काडनारा पानी भरत व्हता का?"

मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. लहान मुलीसारखं वागले, सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईवर रुसले. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. ओटा एकटा चुकलेला असता तर उचलून पलीकडे ठेवला असता, दोन तासांचं काम. पण तो कापडावर जिथं आहे तिथंच आहे. शेडपासून इतके फूट, सांध्यापासून इतके. तो उजवीकडे असेल तर सगळंच उलटं. सांधे उलटे, वॅगनींची बाजू उलटी, बांध उलटा. म्हणजे मी तीन वर्षं आरशातलं यार्ड बांधलं. मी! पुण्याच्या धुराड्याला पट्टी लावणारी! आमच्या ग्रुपाचं प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं होतं आणि पत्रिकेवर माझं नाव छापून झालं होतं. दुपारी भांडी घासताना आई आपली आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "समिंदराकडं गोडं पानी. आयकलं का कुनी." आणि हसली. माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. अगं बाई. मी ह्या गावची पोर. समुद्राकडच्या विहिरी खाऱ्या आणि डोंगराकडच्या गोड, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. समुद्राकडच्या तारोडीची आत्या आमच्याकडे आली की पहिलं पाणी मागायची, "तुमचं गोडं हाय" म्हणून. आणि मी ओट्यावरून निघणारी पाऊलवाट सरळ समुद्राकडे काढली होती, तीन वर्षं रोज तिच्यावरची धूळ ब्रशनं झटकत होते, आणि एकदाही मनात आलं नाही की ह्या बाया पाणी आणायला चालल्यात कुठे.

तरी मी हट्टी. कापड खोटं बोलत नाही, असं मला वाटत होतं. चौतीस वर्षं मी कापडावर विश्वास टाकून जगले. ते बाहेर काढलं आणि खिडकीवर धरून बसले. आणि तेव्हा गोपीनाथकाका आठवले, आमचे हेड ट्रेसर, मी नोकरीला लागले तेव्हा रिटायरमेंटला आलेले, बोटांना कायम शाई, डबा खातानाही पंजा उताणा धरणारे. ते एकदा चहाच्या वेळी सांगत होते की त्यांच्या उस्तादाच्या काळात शाई चकचकीत बाजूला मारायचे, आणि रंग मागून, मंद बाजूला, म्हणजे रंगाच्या पाण्यानं शाईची रेघ फिसकटत नसे. आम्ही पोरी हसलो होतो. मी सगळ्यात मोठ्यानं. "काका, चकचकीत बाजूला शाई ठरते तरी का?" ते म्हणाले, "हात असला की ठरते." मला वाटलं, म्हातारा फेकतोय. मला माझ्याहून चांगला हात कुणाचा असू शकतो हे तेव्हा पटण्यासारखंच नव्हतं, आणि आताही फारसं पटत नाही. पण खात्री करायची एक रीत होती. ट्रेसिंग क्लॉथला पाणी म्हणजे विष. एक थेंब पडला की तिथली खळ सुटते आणि कायमचा पांढरा डाग. ऑफिसात आम्ही घामसुद्धा पडू द्यायचो नाही, मनगटाला रुमाल बांधायचो. मी कापूस घेतला, वाटीत बुडवला, पिळून पिळून जवळजवळ कोरडा केला, आणि मंद बाजूच्या एका कोपऱ्यात लाल रंगावर टेकवला. कापूस उचलला. गुलाबी. रंग मंद बाजूला होता. म्हणजे मंद बाजू ही पाठ होती, आणि मी तीन वर्षं पाठीवरून वाचत होते. कापडावर मसुराएवढा पांढरा डाग पडला. मी तो बघत राहिले आणि मला राग आला, काकांचा नाही, आईचा नाही, माझ्या स्वतःच्या त्या मोठ्या हसण्याचा.

मितेशभाईंना फोन केला. मितेशभाई म्हणजे प्रदर्शनाचे सर्वेसर्वा, स्टेशनजवळ त्यांचं हार्डवेअरचं दुकान, रेल्वेचं वेड असं की मुलाच्या लग्नात वरातीला बेंजोऐवजी वाफेच्या शिट्टीची रेकॉर्ड लावली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुगंधाबेन, एक बात बोलू? जाने दो ना. कोण ओळखणार? ती लाइन बघितलेला एक पण माणूस जिवंत नाय." मी म्हटलं, "एक आहे. माझ्या बेडरूममध्ये झोपलीय." "अरे पण बा तो तमारी छे ने, समजून घेतील." हे ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हणजे आई माझी आहे म्हणून तिच्यासमोर खोटं मांडायचं? बाहेरच्या माणसासाठी खरं आणि घरच्यासाठी चालवून घ्या? मी फोन ठेवला. पण खोटं कशाला बोलू, त्यांचं म्हणणं माझ्या डोक्यात दोन दिवस होतं. फळीसमोर खुर्ची टाकून मी बसायचे. काय सुंदर झालं होतं ते! शेडच्या पत्र्यावरचा गंज मी चहाच्या पाण्यानं चढवला होता. सांध्याची जीभ बोटानं ढकलली की 'टक्' असा एवढासा आवाज यायचा. बांधाच्या चिखलावर भेगा होत्या, खऱ्या चिखलाच्या, खाजणातून आणलेल्या. माझ्या हातून ह्याहून चांगलं काही झालेलं नाही आणि पुढे होणारही नाही, आता बोटं दुखतात. तोंड बंद ठेवलं तर प्रदर्शनाच्या शनिवारी लोक वाकून वाकून बघतील, धुराड्यावाला तो माणूसही बघेल, आणि त्याला एक चूक सापडणार नाही. आणि आई खुर्चीवर बसून असेल, गप्प. ती चारचौघांत मला कधीच बोलली नसती, मला माहीत होतं. नेमकं तेच मला सहन होईना.

बुधवारी सकाळी मी पातं घेतलं आणि रूळ उखडायला सुरुवात केली. पहिला खिळा जपून काढला, नंतरचे नाही. आई दारात येऊन उभी राहिली. "का गो, मोडतंस का?" "तूच म्हणालीस ना चुकलंय." "मी ओटा म्हनला. सगला संसार मोडाला कुनी सांगितला?" मग मी तिला कापड दाखवलं, उलटून, पुन्हा सुलटून. तिला ते शाई-रंगाचं काही कळलं नाही, पण सुलटं धरल्यावर तिनं डोळे बारीक करून बोट फिरवलं, शेडवरून सांध्याकडे, सांध्यावरून ओट्याकडे, आणि तिथं थांबली. "हां," ती म्हणाली. "हितं." असं म्हणाली की मला वाटलं, आत्ता इथं जमिनीला पाय लागले हिचे.

अठरा दिवस होते. सांधे नव्यानं करावे लागले, डावा उजव्याला चालत नाही. शेड उभी राहिली, पण रंगाशिवाय. बांध नुसता प्लास्टरचा, भेगांना वेळ नाही. ओटा मात्र मी दगड-दगड नव्यानं रचला, डोंगराच्या बाजूला. आणि रूळ टाकण्याआधी मी पूर्ण यार्डचं नवं ड्रॉइंग काढलं होतं, कागदावर, शाईनं, खाली उजव्या कोपऱ्यात ड्रॉइंगवर असते तशी चौकट: कुणी काढलं, कुणी तपासलं, तारीख. 'काढलं'समोर माझी सही. 'तपासलं'समोर मी जागा मोकळी ठेवली आणि ड्रॉइंग आईसमोर नेलं. मला वाटलं ती लाजेल, नको म्हणेल, मी आग्रह करीन, आणि मग ती प्रौढांच्या वर्गात शिकलेलं तिचं वाकडंतिकडं 'शेवंती' काढेल. मी पेनाचं टोपण काढून तयार. तिनं पेन घेतलं नाही. "ही वाट कुठं जाते?" ओट्यावरून निघालेली पाऊलवाट कागदाच्या कडेपाशी संपत होती, कापडावर होती तशी. "विहिरीवर," मी म्हटलं. "विहीर कुठं हाय?" "कागदाबाहेर." "मंग मी काय तपासू? मी काय ओट्यावं ऱ्हात व्हते? माजं काम वाटंवं." आणि पेनाचं टोपण तिनं स्वतः लावून माझ्या हातात दिलं. मी हसायला लागले. चौतीस वर्षांत माझं ड्रॉइंग असं परत पाठवायची कुणाची छाती झाली नव्हती.

"किती लांब होती विहीर?" मी विचारलं. "भरल्या हंड्यान तीनशे आठ पावलं." "आठ?" "रोज मोजायचे. दुसरं काय करनार, मान त हलवता येत न्हाय." मी टेप घेतला आणि आम्ही बाहेर लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये आलो. मोकळी पावलं वेगळी आणि भरली वेगळी, ती म्हणाली. तिनं एक हात डोक्याशी नेला, दुसरा कमरेवर, मान ताठ झाली, आणि रोज भिंत धरून चालणारी माझी आई पॅसेजमधून दहा पावलं अशी गेली की समोरच्या फ्लॅटमधली दिशा दार उघडून बघतच राहिली. साडेएकोणीस फूट. म्हणजे तीनशे आठ पावलांचे सहाशे फूट. पाव इंचाला एक फूट धरलं तर दीडशे इंच, साडेबारा फूट. मी दोनदा गुणाकार केला. माझं सगळं यार्ड, शेड, सांधे, इंजिन, वॅगनी, सहा फुटांत मावत होतं. आईची वाट त्याच्या दुप्पट होती, वर अर्धा फूट. आणि ती कुठल्याच ड्रॉइंगवर नव्हती. कंपनीनं काढली नाही, नकाशेवाल्यांनी काढली नाही, आणि मीही, तिची मुलगी, मापाची एवढी मिजास मिरवणारी, ती कडेला कापून मोकळी झाले होते.

"साडेबारा फूट जादा?" मितेशभाई फोनवर ओरडले. "बेन, हॉलमध्ये चौदा लोकांचे टेबल लावायचेत! त्या साडेबारा फुटात ट्रेन किती?" "शून्य." "तो पछी शुं छे?" "पायवाट." ते म्हणाले, "सुगंधाबेन, प्रदर्शन रेल्वेचं आहे." मी म्हटलं, "मितेशभाई, तुमचं इंजिन काय खाऊन चालतं? कोळसा आणि पाणी. ती कोळशाची कोठी तुम्ही सगळे मॉडेलमध्ये करता, कौतुकानं, एकेक खडा चिकटवून. मग पाणी काय आभाळातून पडत होतं? जागा द्यायची नसेल तर माझं सहा फुटांचं टेबलही काढा." मी खरंच काढायला सांगितलं असतं. त्यांनाही ते माहीत होतं. दुपारी त्यांचा मेसेज आला की स्टेजखालची लांब भिंत मला दिलीय, आणि फळ्या ते दुकानातून पाठवतायत.

शनिवारी सकाळी दहाला हॉल उघडला. माझं टेबल सगळ्यात अपुरं होतं, हे मी आधीच सांगते. शेड उघड्या लाकडाची, बांध पांढरा, आणि तिथून पुढे भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती भुसा टाकलेली पायवाट, शेवटी बांगडीएवढी विहीर. वाटेवर तारेच्या अकरा बाया, सव्वा इंचाच्या, डोक्यावर दोन-दोन हंडे. त्या मात्र पूर्ण होत्या, त्यांच्या माना मी तीन-तीनदा सरळ केल्या होत्या. भिंतीवर ड्रॉइंग, आता दोन कागद जोडलेलं. आईला विहिरीपाशी खुर्ची दिली होती, पण ती बसली नाही. तिनं वाटेच्या कडेनं बोट सरकवत सगळं अंतर चालून काढलं, ओठ हलत होते, ओट्यापाशी थांबली, आणि माझ्याकडे न बघता पेनासाठी हात पुढे केला. 'तपासलं'समोर तीन अक्षरं, दोन मिनिटं. 'ती'ची वेलांटी चौकटीबाहेर गेली. माझ्या कुठल्याही ड्रॉइंगवर रेघ चौकटीबाहेर गेलेली मी खपवून घेतलेली नाही, आणि ह्या रेघेकडे मी दिवसभर पुन्हा पुन्हा बघत होते. अभिमान वाटत होता, दुसरा शब्द नाही. माझ्या हाताचा मला आयुष्यभर वाटला, पण तो हात कुणाचा आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

गर्दी झाली. पुण्याच्या धुराड्यावाला आला, खिशातून पट्टी काढून रुळांमधलं अंतर मोजलं, अर्धा इंच भरलं, आणि मला मान लववून पुढे गेला. मग एक कॅमेरेवाले गृहस्थ आले. ते बुटकीचे फोटो काढता काढता वाटेच्या मध्यावर येऊन थांबले आणि म्हणाले, "आंटी, ये ट्रॅक इधर तक लाए ही नहीं? इतनी जगह खाली छोड़ दी." मी तोंड उघडणार, एवढ्यात आईनंच उत्तर दिलं. तिला हिंदी कळतं, बोलत नाही. "इंजान हितं यायचं न्हाय, बाबा. आमी त्याच्याकडं जायचो." ते गृहस्थ समजल्यासारखे हसले, आणि कॅमेरा नीट धरायला म्हणून त्यांनी कोपर फळीवर टेकलं, अगदी वाटेवर, चौथ्या आणि पाचव्या बाईच्या मधे. आईनं पुढे होऊन त्यांच्या कोपरावर चापट मारली, चांगली सणसणीत.

"हात काढ आधी," ती म्हणाली. "बाया भरल्या हंड्यान येतायत, दिसत न्हाय का?"

आणि ते गृहस्थ, चांगले पन्नाशीचे, "सॉरी, सॉरी" म्हणत झटकन मागे सरले आणि भिंतीला चिकटून उभे राहिले, वाट मोकळी करून.